मौलाली रंगाऱ्याचं दुखणं

शाहू महाराजांच्या राज्यात कोल्हापुरात मौलाली रंगारी फेटे रंगवायचा. त्याचा लाल कितीही धुतला तरी उतरायचा नाही, म्हणून पार कबनूरपासून गिऱ्हाईक यायचं. पुडीतला विलायती रंग आला तेव्हापासून, म्हणजे वीसेक वर्षं, त्याचे हात कोपरापर्यंत लालच होते.

१९१२ च्या उन्हाळ्यात एकदा त्याला लघवीतून रक्त गेलं. दुखलंखुपलं काहीच नाही. त्यानं कुणाला सांगितलं नाही. सब्जा भिजवून प्याला. तीन दिवसांत लघवी स्वच्छ झाली. उन्हाळी लागली असंल म्हणून तो विसरूनही गेला.

दिवाळीनंतर परत तेच. या वेळी त्याच्या बायकोला, जुलेखाला, धुण्यात त्याच्या तहमदीवर, म्हणजे लुंगीवर, डाग दिसला. रंगाऱ्याच्या घरात लाल डागाचं काय अप्रूप? पण हा वाळल्यावर तपकिरी पडला.

"अवं, ह्यो रंग न्हाय. रगत हाय," ती म्हणाली. "दवाखान्यात जाऊया की."

"बाईमाणसानं असल्या गोष्टीत तोंड घालू न्हाई," तो खेकसला. खरं तर डॉक्टरपुढं कपडे सोडायची त्याला लाज वाटत होती. जुलेखानं डाग घासून काढला. रक्त आपोआप थांबलं, आणि दोघांनाही हायसं वाटलं.

दीड वर्षानं एका सकाळी रक्ताच्या गुठळ्या अडकून लघवी तुंबली. मौलाली जमिनीवर गडाबडा लोळायला लागला. गावातल्या डॉक्टरांनी नळी घालून मोकळं केलं आणि मुंबईच्या एका सर्जनच्या नावानं चिठ्ठी दिली. मिरजेला गाडी बदलून नवराबायको गेली.

सर्जननं बारीक दिवा बसवलेली नळी घालून मूत्राशय आतून पाहिलं. आत मोठी गाठ होती. शेजारच्या खाटेवर आकाराम नावाचा गिरणीकामगार होता. त्याचीही गाठ तिथलीच, पण वाटाण्याएवढी असतानाच सापडलेली. तसल्याच नळीतून विजेची तार आत नेऊन ती जाळली होती. पोट फाडावं लागलं नाही. चौथ्या दिवशी तो गाठोडं काखेत मारून चालत घरी गेला.

"आमचीबी जाळा की, सायेब," मौलाली म्हणाला.

"वरची जाळतो, रक्त थांबेल. पण मुळं लघवीच्या पिशवीच्या भिंतीपलीकडं गेलीत. तिथं तार पोचत नाही." डॉक्टरांनी विचारलं, "पहिल्यांदा रक्त कधी दिसलं?"

मौलालीनं खरं ते सांगितलं. डॉक्टरांनी ते टिपून घेतलं.

परतीच्या गाडीत तो म्हणाला, "तू सांगितलंतंस. मीच ऐकलं न्हाय."

"एकदाच सांगितलं," जुलेखा म्हणाली. "रोज सांगाय पायजे हुतं."

रक्त थांबलं ते चार महिने. तेवढ्यात त्यानं धाकट्या भावाला, शमशुद्दीनला, लाल रंगाचं माप शिकवलं. पावसाळा सरता सरता तो गेला.

भेटायला येणाऱ्या बाया समजूत घालायच्या, "उमरच तेवढी हुती, जुलेखा."

ती मान डोलवायची नाही. "उमर अजून हुती," म्हणायची. "येळ आमीच घालवली."