एकोणीस वर्षं उभी

सकाळचे साडेसात वाजले आहेत आणि आम्ही सोळा जण तालमीच्या हॉलमध्ये मेल्यासारखे पडलो आहोत. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आठवड्यातून तीनदा शवासन असतं. मोडक सर आमच्या मधून अनवाणी फिरत सांगतात, "उजव्या पायाचा अंगठा सैल सोडा. आता घोटा. आता पोटरी." माझं शरीर आजवर गुडघ्याच्या वर कधी सैल झालेलं नाही, कारण तिथवर येईतो मला झोप लागते. वर्गात घोरणारा म्हणून माझी ख्याती आहे.

आज मात्र झोपायचं नाही असं ठरवलंय. शवासन संपलं की निरीक्षणाची परीक्षा आहे. प्रत्येकाने आपल्या पाहण्यातलं एक माणूस पाच मिनिटं उभं करायचं. मी आईला करतोय. आई जाऊन सव्वा वर्ष झालं. मागच्या आठवड्यात ती सरांना करून दाखवली. खाटेवर पडलेली आई, थरथरता हात, खोल गेलेला आवाज, "नीट राहा रे बाळा." फैजान रडला, दोन मुली रडल्या. मोडक सर तेवढे कोरडे.

"समाधान, मेहनत घेतलीस," ते म्हणाले, "पण ही बाई मी कॅलेंडरवर पाहिली आहे. तुझी आई कुठाय?"

तेव्हापासून मी शोधतोय आणि ती सापडत नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. डोळे मिटले की दवाखानाच समोर येतो. सलाईनची बाटली, लोखंडी खाट, स्पिरिटचा वास. ती हसायची कशी, चालायची कशी, काही म्हणता काही आठवत नाही. पोटच्या पोराला आईचं हसणं आठवू नये? लाज वाटते मला. परीक्षेत दांडी गुल झाली तरी एकवेळ चालेल, पुढच्या वर्षी पुन्हा देता येईल. पण आई अशी निसटली तर तिला कुठल्या वर्षी परत आणणार?

"आता गुडघा," सर म्हणतात.

जमीन थरथरते. हॉलची लाकडी जमीन पाठीखाली घरघरायला लागते आणि डिझेलचा वास येतो.

"ऊठ की. वाटंत काय पसरलायस? लोकांनी चढायचं कुठनं?"

आई माझ्या डोक्याशी उभी आहे. खाकी पंजाबी ड्रेस, खांद्याला चामडी बॅग, कमरेवर टेकवलेलं तिकिटाचं मशीन. आई एसटीत कंडक्टर होती. हॉलला आता एसटीच्या खिडक्या आहेत. माझा अख्खा वर्ग सीटवर बसलाय, सगळे डोळे मिटून. मोडक सर तिसऱ्या रांगेत, मांडीवर पिशवी घेऊन.

"आई, तू?"

"मग कोण? वैरागची गाडी माझीच हाय." ती मला खालून वर न्याहाळते. "कालेजात मला झोपवलंस म्हणं."

"तुला कुणी सांगितलं?"

"गाडीत काय लपून राहतंय व्हय? कर बघू. मलाबी बघू दे माझी कला."

आता आईपुढे आईच करायची म्हणजे काय, पण ती नाही ऐकणार. मी दोघांच्या सीटवर आडवा होतो. हात थरथरवतो. आवाज खोल नेतो. "नीट राहा रे बाळा," मी म्हणतो आणि हळूच एक डोळा उघडून बघतो.

आई ओठ दाबून उभी आहे. मग तिचे खांदे हलायला लागतात. आवाज नाही, नुसते खांदे. मग ती हाताला येईल त्यावर थापा मारते, आधी सीटच्या पाठीवर, मग झोपलेल्या फैजानच्या खांद्यावर. आणि शेवटी, दम संपून श्वास आत घेताना, सायकलच्या पंपासारखा एक बारीक आवाज निघतो. ईंऽऽ.

हेच! हेच ते! मी सीटवरून उडी मारतो. "आई, परत हस! आई, अजून एकदा!"

"सर्कस हाय का?" ती डोळे पुसते. "आरं, मी कवा एवढं हळू बोलले? नीट राहा बाळा म्हणं! त्या दिवशी मी काय म्हनले होते तुला?"

मला आठवतं. आत्ता, या क्षणी आठवतं. "मोबाइल चार्जिंगला लाव आणि जेवून ये, म्हणालीस."

"हां. मग तेच का नाही केलंस?"

"ते... नाटकात बरं दिसलं नसतं."

"बरं दिसायला मी काय लग्नाला गेलते?"

"पण आई, तू आजारी होतीस ना गं."

आता ती हसत नाही, पण रागावतही नाही. गाडी वळणावर कलते, सगळा वर्ग एका बाजूला झुकतो, ती मात्र कशालाही न धरता तशीच उभी राहते.

"चार महिने पडून होते. त्याच्या आदी एकोणीस वर्षं उभी होते. तुला चारच महिने दिसले व्हय रं?"

मला भडभडून येतं. तिला ते दिसतं, म्हणून ती माझ्या गळ्यात बॅग अडकवते. रडणाऱ्याला काम द्यायचं, हा तिचा जुना उपाय.

"उभा ऱ्हा. दांडी सोड."

"पडेन."

"हातात तिकिटं असल्यावर दांडी कोण धरंल, तुझी सासू? सोड."

मी सोडतो आणि लगेच मोडक सरांच्या मांडीवर जाऊन बसतो. सर डोळे मिटूनच म्हणतात, "आता कंबर." आईचे खांदे पुन्हा हलायला लागतात.

"कमरंनं न्हाई. कंबर सीटला टेकव नुसती. गुडघं मऊ ठेव. खड्डा आदी पायाला कळतो, मग डोक्याला. डोक्यानं उभारलास की पडलास."

दीड वर्ष आम्ही शरीराचं भान, शरीराचं भान म्हणून वह्या भरतोय, आणि हिने ते दोन वाक्यांत संपवलं. मी कंबर टेकवतो. गुडघे मऊ. खड्डा येतो आणि जातो. मी उभाच! मी आनंदाने ओरडतो आणि आई पाठीत जोरात थाप मारते. दवाखान्यात तिचा हात कापसासारखा झाला होता. हा तो हात नाही. हा दुखतो.

गाडी कचकन थांबते. समोरच्या काचेत दवाखान्याची भिंत आहे, पिवळी, अगदी नाकाला लागलेली. मला खड्डाबिड्डा काही कळत नाही, मी पुन्हा दांडी धरतो.

"हितं का आणलीस गाडी?" आई विचारते.

"मी नाही आणली. ती रोज इथंच येते. मला दुसरं काही दिसतच नाही, आई. मी तुला विसरलोय."

मी हे मोठ्याने बोलतो. सव्वा वर्षात पहिल्यांदा.

"विसरला न्हाईस, येड्या. तोंडासमोर भित आल्यावर मागचं गाव दिसंल का?" ती दार उघडून खाली उतरते आणि गाडीच्या मागे जाते. पत्र्यावर थापा पडायला लागतात. "येऊं द्या! येऊं द्या! डावीकडं मारा! येऊं द्या!" ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटसमोरचं चाक आपोआप फिरतं. भिंत मागे सरते. आधी तिच्या वरचं आभाळ दिसतं, मग शेजारचं झाड, मग रस्ता, मग आमचं सबंध बार्शी गाव. दवाखाना तिथेच आहे, पण बोटाएवढा. "बास!" आई ओरडते.

गाडी आमच्या स्वयंपाकघरात, ओट्याला लागून उभी आहे. आई ओट्याशी. उजवं पाऊल डाव्या पायावर टेकवलेलं, बगळ्यागत. ती कायम अशीच उभ्याने जेवायची. ड्युटीवर उभी, घरी उभी, जेवतानाही उभी. बसली की झोप लागती म्हणायची. माझी झोप कुठून आली ते आता कळतं. मी सगळं डोळ्यांनी गोळा करतोय, वेणीतून सुटलेली बट, भाकरी मोडताना वर उचलला जाणारा अंगठा.

"बघत काय बसलास? आ कर."

ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी, असा भला मोठा घास ती माझ्या तोंडात कोंबते. कोरडी ठणठणीत चटणी. तिखट घशात अडकतं.

"पाणी," मी कसाबसा म्हणतो.

"पाणी फुडल्या थांब्याला. टायमिंग झालं."

"आई, थांब ना."

"जेवून घेत जा," ती म्हणते, मऊबिऊ न होता, नेहमीच्याच वरच्या पट्टीत, आणि घंटीची दोरी ओढते. दोनदा.

टाळी वाजते. बाकीचे पंधरा जण जांभया देत उठून बसतात. मी हॉलच्या जमिनीवर आहे, गाल ओले आहेत आणि मी हसतोय.

"घोरलास नेहमीसारखा," फैजान म्हणतो.

मी काही बोलायला तोंड उघडतो आणि उचकी लागते. एकदम जोरात, सगळ्या अंगाला हिसका देणारी. मग दुसरी. मग तिसरी. सकाळपासून पोटात चहासुद्धा नाही, पण घशाशी लसूण आणि तिखट जळजळतंय.

"कोण आठवण काढतंय बे तुझी?" फैजान खूश होतो. "नावं घे एकेक. बरोबर नाव आलं की थांबते. पप्पा?"

"पप्पा," मी म्हणतो. उचकी.

"मामा?"

उचकी.

"मेसवाल्या काकू!" मागून कुणीतरी ओरडतं आणि अख्खा वर्ग हसतो. त्या हसण्यात माझी उचकी आणखी मोठी होते.

मोडक सर पाण्याची बाटली माझ्या हातात देतात. "पाणी पी आणि ये. पहिला नंबर तुझा."

मी बाटली हातात घेतो. मला माहीत आहे कुणाचं नाव घेतलं की थांबेल. जिभेवरच आहे. मी बाटली तशीच फैजानकडे देतो, हॉलच्या मध्यभागी जातो, गुडघे मऊ करतो आणि पुढच्या उचकीची वाट बघतो. येते. पुन्हा येते. तिचं नाव मात्र मी काही केल्या घेत नाही.