सडकेवरचं धान आणि जळालेला बारदाना

कुरखेड्याच्या बाजूला तेव्हा एस.टी. आली तर आली. म्हणून मी पत्रकांचे गठ्ठे घेऊन ब्रह्मपुरीच्या नाक्यावर उभा राहायचो आणि नागपूरहून माल आणणारा एक ड्रायव्हर मला केबिनमध्ये घ्यायचा. चाळिशीचा माणूस, जिभेनं तिखट. "या भाऊ, आज कोण मुर्दाबाद?" हा त्याचा नमस्कार.

त्या रस्त्यांनी त्याला कमी छळलं नव्हतं. कधी नाल्यात रुतला, कधी नाल्यावरच्या बुटक्या रपट्यावर चाकावरचा कमानपाटा तुटला, कधी फांदीनं ताडपत्री फाडली. रस्ता सरकारचा, गाडी मालकाची, चूक मात्र दर वेळी ड्रायव्हरची. मालकानं शेवटचं बजावलं होतं, आता काही झालं तर चावी ठेव आणि घरी जा.

दिवाळी होऊन गेली होती. ट्रकमध्ये बारदाना होता, म्हणजे कुरखेड्याच्या धान खरेदी केंद्रासाठी रिकामी पोती. आरमोरी सोडल्यावर एका गावाशी डांबरी सडकेवर धानाच्या पेंढ्या अंथरलेल्या. गाड्यांच्या चाकाखाली धान आपोआप चुरलं जातं, दाणे सुटतात. हे लोक सडकेवर का आले? गावाचं खळं जिथं होतं, तिथं जंगल खात्यानं चर खणून सागाची रोपं लावली. खळ्याच्या जागेचा पट्टा, म्हणजे सरकारी कागद नव्हता म्हणे! बापजाद्यांनी पट्टा काढून धान चुरायचं असतं, हे गावाला कोणी सांगितलं नव्हतं.

ड्रायव्हरनं रिवाजाप्रमाणे गाडी हळू केली आणि पेंढ्यांवरून नेली. कडेला सूप घेऊन उभी असलेली म्हातारी ओरडली, "अजून एक चक्कर मार ना बापू! दाणे सुटून नाई राह्यले."

"मावशे, मी काय तुहा बैल हावो?" असं म्हणत यानं गाडी मागं घेतली, पुन्हा पुढं नेली.

गाव संपता संपता बुडातून धूर आला. तणस, म्हणजे धानाचा वाळका पेंढा, शाफ्टला गुंडाळलं गेलं होतं आणि तापलेल्या सायलेन्सरला लागून पेटलं होतं. आम्ही उड्या टाकल्या. गाव धावलं, खोटं कशाला बोलू? बायांनी घागरी-गुंड भरभरून पाणी आणलं, पोरांनी माती टाकली. ट्रक वाचला. पोती जळाली. याच गावचं धान ज्यात भरायचं, तीच पोती.

दुपारी हवालदार आला. कुरखेड्यात मालाची वाट बघत बसलेला मालकाचा मुनीमही त्याच्याबरोबर आला. तोवर सडक झाडून लख्ख. सडकेवर धान दिसलं तर जप्त करू, अशी दवंडी आधीच झालेली होती.

"आग कशानं लागली?" हवालदारानं विचारलं.

"तणसानं," ड्रायव्हर म्हणाला. "विचारा ना यायले."

म्हातारी जमिनीकडे बघत म्हणाली, "आमचं धान सडकेवर कुठी व्हतं, साहेब?"

"मावशे, तूच म्हटली ना, अजून एक चक्कर मार म्हणून?"

ती सूप पदराआड घेऊन मागं सरली.

मग मी बोललो. तणस सडकेवर होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. आणि गुन्हा लिहायचा तर ज्यानं खळं मोडलं त्या जंगल खात्याच्या साहेबावर लिहा. गावकऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच जप्तीला आलोय. हवालदार हसला. "तू काऊन मधात? वकील हायेस का?" आणि त्यानं पंचनाम्यात लिहिलं: चालकाच्या बिडीमुळे आग. बिडी न पिणाऱ्या माणसाच्या बिडीमुळे! ते सगळ्यांना सोयीचं होतं. गावाचं धान वाचलं, साहेबाचा साग वाचला, मुनिमाला दोषी मिळाला.

मुनिमानं हात पुढं केला. ड्रायव्हरनं चावी दिली, केबिनमधून वळकटी काढली.

मी म्हणालो, "भाऊ, यावर पत्रक काढतो. जिल्हाभर वाटतो."

"काढ ना," तो म्हणाला. "पण त्यात मी बिडी पीत नाई येवढंच नको लिहू. मले दुसरा मालक कोणता भेटन, ते बी तुह्या पत्रकात लिहून दे."

तो वळकटी खांद्यावर टाकून आरमोरीच्या दिशेनं चालू लागला. सडकेच्या कडेला सगळं गाव उभं होतं. कोणी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. हवालदार अजून तिथंच होता ना.