हौसाबाईंचा हात

दहिवडीजवळच्या शाळेत हौसाबाई खिचडी शिजवतात. गेल्या फाल्गुनात मी तिथं नाटक बसवत होतो. त्यांची सातवीतली नात सृष्टी त्यात राणी होती. काय खणखणीत आवाज पोरीचा! तिला गोवर निघाला. पुरळ दिसताच दवाखाना गाठा, असं शाळेनं घरोघर कळवलं होतं. मी रिक्षा घेऊनच गेलो. दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधलेला होता.

"देवी आलीया, मास्तर. सुई टोचली तर कोपंल," हौसाबाई म्हणाल्या.

रिक्षा रिकामीच परतली. ताप छातीत उतरला आणि सृष्टी गेली.

यंदा हौसाबाई वाढण्याआधी प्रत्येक पोराच्या कपाळाला हात लावतात.

"आजे, ताप न्हाई, भूक लागलीया," पोरं म्हणतात.

सातवीतल्या मुलींच्या कपाळावर तो हात जास्त वेळ राहतो, आणि मागची रांग मुकाट थांबते.