वीतभर ट्रॅक्टरचा चिखल

नव्या वस्तूचा मनापासून राग असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा, राहणार उत्रोली. उभा जन्म त्यांनी भोरात रंगारी म्हणून काढला. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या फळ्या, ट्रॅक्टरची बॉनेटं, जे जुनं येईल ते नवं करून द्यायचं हा धंदा. साठी उलटली आणि गृहस्थ उलटे फिरले. पुण्याहून वीतभर लांबीचे, हुबेहूब खऱ्यासारखे छोटे ट्रॅक्टर मागवायचे आणि महिना-महिना खपून ते जुने करायचे, असा नाद त्यांनी लावून घेतला. त्यातला पहिला मी पाहिला तेव्हा मला वाटलं, नातवंडांनी नासधूस केली आहे. तसं बोललोही. त्यानंतर दोन महिने त्यांनी माझ्याशी नुसत्या मानेने व्यवहार केला.

त्यांच्या पडवीत फळीवर लोणच्याच्या बरण्या ओळीने मांडलेल्या असतात आणि त्यांत माती असते. वेल्ह्याची तांबडी, भोंगवलीची काळपट, उत्रोलीच्या खाचरातली राखाडी, सगळी वस्त्रगाळ केलेली. मेव्हणीने एकदा काळा मसाला समजून भोंगवली आमटीत घातली. घर उपाशी राहिलं त्याचं यांना काही नाही. 'आता भोंगवली कुटनं आनू?' म्हणून दिवसभर घुश्शात. गंजासाठी तारेची घासणी आठवडाभर व्हिनेगरमध्ये भिजत पडलेली असते. रंगाचे पोपडे उडालेले दिसावेत म्हणून आधी तपकिरी हात द्यायचा, त्यावर मिठाचे खडे चिकटवायचे, वरून लाल रंग मारायचा आणि वाळल्यावर मीठ खरवडून काढायचं. मी म्हटलं, सरसकट सगळीकडे फासा ना गंज, लवकर उरकेल. माझ्याकडे कीव केल्यासारखं बघत ते म्हणाले, "गंज कुटंबी चडत न्हाई, पावनं. पानी जितं थांबतं तितंच चडतो."

किकवीला एका लग्नात नवरदेव ट्रॅक्टरवरून आला. पंगत बसली तरी साडू दिसेनात. शोधतो तर हे मागच्या चाकापाशी उकिडवे बसून मोबाईलवर फोटो काढताहेत. ट्रॅक्टरमालकाला वाटलं, आरटीओचा माणूस आला. त्याने घाबरून जिलेबीचं ताट तिथेच पाठवलं. साडूंनी एका हाताने जिलेबी खाल्ली आणि दुसऱ्या हाताने मडगार्डवरचा चिखल खरवडून पत्रिकेत बांधून घेतला.

आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो, आणि आता त्याची लाज वाटते. कारण हा नाद लागला त्याच्या आदल्या पावसाळ्यात त्यांचा धाकटा भाऊ गेला होता. लावणीसाठी खाचरात चिखलणी करताना मागची चाकं रुतली, पुढचा भाग उचलला गेला आणि ट्रॅक्टर उलटा त्याच्या अंगावर आला. ट्रॅक्टर दोघा भावांचा होता, आणि त्या दिवशीची पाळी साडूंची होती. त्यांना भोरात एका दुकानाची पाटी पुरी करायची होती, म्हणून सकाळी ते भावाला म्हणाले, "आज तूच घे." हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. त्यानंतर त्यांनी दुसरी पाटी रंगवली नाही. ट्रॅक्टर वेल्ह्याला विकून टाकला. भावजय त्याच अंगणाच्या पलीकडे राहते. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

आधीचे सगळे ट्रॅक्टर म्हणजे हात बसवणं होतं, हे मला फार उशिरा कळलं. गेल्या वर्षी त्यांनी घरचा ट्रॅक्टर करायला घेतला आणि विकलेला खरा एकदा डोळ्यांखालून घालावा म्हणून मला एस.टी.ने वेल्ह्याला नेलं. नव्या मालकाने तो चकचकीत रंगवला होता. साडू त्याच्याभोवती दोनदा फिरले. "कायबी ठिवलं न्हाई वो ह्यानं," एवढंच म्हणाले आणि परतीच्या वाटेवर खिडकीकडे तोंड करून रडले. मी तिकिटं उलटीपालटी करत बसलो.

मग त्यांनी तो आठवून केला. तारेने बांधलेला डावा दिवा, आंब्याला घासून चेमटलेलं मडगार्ड, सीटवर टाकलेली गोणपाटाची घडी, आणि वर त्याच खाचरातला चिखल. दहा महिने लागले. झाल्यावर मेव्हणीच्या हाती पलीकडे भावजयीकडे पाठवला. निरोप वगैरे काही दिला नाही.

संध्याकाळी एस.टी.ला गर्दी असते म्हणून यंदा दसऱ्याचं सोनं द्यायला मी सकाळीच गेलो. अंगणातल्या नळाखाली भावजय बसली होती. हातात तो ट्रॅक्टर, शेजारी साबणाची वडी आणि दातांचा जुना ब्रश. दसऱ्याला घरची गाडी धुऊन पुजायची असते, आणि त्या घरात इतके दसरे पुजायला गाडीच नव्हती. गोणपाटाची घडी तिने आधी काढून कोरड्यात ठेवली होती. म्हणजे ट्रॅक्टर कुणाचा हे तिला कळलं होतं. बाकी सगळं ती जोर लावून घासत होती. दहा महिन्यांचं काम गढूळ होऊन गटाराकडे चाललं होतं. मी "अहो, अहो" करत पुढे झालो. ओट्यावर बसलेल्या साडूंनी माझं मनगट धरलं.

तिने ट्रॅक्टर पदराने पुसला, घडी जागेवर बसवली, पाटावर ठेवून हळदीकुंकू वाहिलं. झेंडूचं फूल बॉनेटपेक्षा मोठं होतं. मग ती सरळ ओट्यापाशी आली.

"दादा, चिखलानं बरबटल्याला तसाच धाडला तुमी. सनाला ह्येंनी कदी असा ठिवला व्हता का?"

"न्हाई," साडू म्हणाले. "चुकलं माजं."

दुसरं कुणीही 'असू द्या' म्हणालं असतं. ती म्हणाली नाही. "व्हय, चुकलं," म्हणाली, आणि आपट्याचं पान त्यांच्या हातावर ठेवून आपल्या घरात गेली.

मी निघालो तरी ते हात तसाच उघडा धरून बसले होते. ऊन पायरीवर आलं होतं. त्यांना आत चला म्हणावं असं फार वाटलं. पण त्यांना तिथून उठवणारा मी कोण, म्हणून गुपचूप चपला घातल्या.