आबा भिंतीकडं तोंड करून

आमच्या आबांसारखा सोबती दवाखान्यात कुणाला मिळू नये, अन् मिळालाच तर सोडू नये. आबा म्हणजे माझे थोरले दीर. मालक गेले त्याच साली माझे डोळे बिघडले. पापणीखाली वाळू घातल्यासारखं व्हायचं, ऊन तर बघवायचंच नाही. आबा म्हणाले, "मी शे ना!" मी आहे म्हणून सोबतीला येऊ लागले. केळीची फणी पिशवीत घालायची अन् निघायचं. रिकाम्या हातानं गेलं तर डॉक्टर औषधात पाणी घालतो, असं त्यांचं पक्कं मत. जळगावच्या एकानं फणी परत केली, तर बाहेर येऊन म्हणतात, "याला केळीची पारख नाही, डोळ्याची काय राहील?" पुन्हा त्या दाराला गेलो नाही.

आमच्यात थोरल्या दिरापुढं पदर नाकापर्यंत, अन् तोंडातून शब्द नाही. डॉक्टर विचारायचा मला, सांगायचे आबा. "हिना डोया गयतस. रातदिन रडस बिचारी." विधवा म्हणजे रडतच असणार, डोळे गळतच असणार, हे त्यांनीच धरलेलं. कुणी डोळे आले म्हणून मलम दिलं, कुणी चष्मा. नशिराबाद झालं, भुसावळ झालं. तोवर डावा डोळा पांढरा पडला. गेला तो गेलाच.

मग कुणी सांगितलं, धुळ्याला एक बाई आहे, नुसती बुबुळं बघते. ती पहिल्यांदा आबांनाच म्हणाली, "बाबा, तुम्ही बाहेर बसा."

"मी बाहेर? मग सांगणार कोण?"

"ज्यांचे डोळे आहेत, त्या."

मी पदर वर केला. म्हटलं, "बाई, मला पाणीच येत नाही. मालक गेले तेव्हाही नाही आलं. बाया म्हणाल्या, दगड आहे." तोंड कोरडं पडतं का, सांधे धरतात का, हे तिनंच पहिल्यांदा विचारलं. पापणीत कागदाची पट्टी अडकवली. काढली तर कोरडी ठाक.

"दगड नाही, आजार आहे. आधी आल्या असत्या तर डावा वाचला असता. आता उजवा सांभाळू."

आबांनी दाराआडून ऐकलं. फणी न देताच एसटीत जाऊन बसले. ती पिशवीतच काळी पडली.

त्यानंतर दर खेपेला ते आत यायचे अन् भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. "बोल माय, मी इथं नाहीच." बाकीचे पेशंट हसायचे. थेंबांची बाटली तळाला आली की न सांगता धुळ्याची गाडी धरायचे. उजवा टिकला.

पुढं एका उन्हाळ्यात आबाच खाटेवर पडले. उठणार नाहीत, हे सगळ्यांना कळलेलं. मी पाणी घेऊन गेले, तर सवयीनं भिंतीकडं वळले. "बोल माय."

मी पदर मागं सारला. म्हटलं, "आबा, इकडं पाहा."

वळले. डोळे भरून आले होते त्यांचे. एकाच डोळ्यानं, पण मला नीट दिसलं.