लाल गाडी ट्रायलला गेली

गॅरेजवाल्याच्या घरी न बोलावता दोन गोष्टी साचतात. एक ऑइलच्या चिंध्या अन् दुसरे किस्से. चिंध्या मी उन्हाळ्यात जाळून टाकते. किस्से काही जळत नाहीत. कोणी पाहुणा आला, चहा ठेवला की एक निघतो, त्याच्या मागून दुसरा, अन् शेवटी सगळे त्या लाल गाडीपाशी येऊन थांबतात.

आमचं गॅरेज म्हणजे काय, गोंदियाजवळ कुडव्याला रस्त्याच्या कडेचं घर, घरासमोर टिनाचं शेड, अन् शेडखाली आमचे हे. हे म्हणजे गुड्डीचे बाबा. ट्रॅक्टर, जीप, मोटरसायकल, जे येईल ते खोलतात. गोंदियाच्या एका राइस मिलवाल्या सेठजींनी मुंबईकडून जुनी स्पोर्ट्स गाडी आणली अन् ती आमच्या अंगणात येऊन पडली. सहा-सात वर्षं गेली नाही. म्हणजे जायची, पण परत यायची. माहेरी आलेल्या पोरीसारखी, दर वेळी काहीतरी दुखणं घेऊन.

मी संशयी आहे, हे आधीच सांगते. लेकरू झालं की बाई संशयी होते. दूध नासलं का, ताप चढला का, दाराची कडी लागली का. आधी एवढंच होतं. त्यात ही गाडी आली!

*

पहिल्यांदा आली तीच ट्रॅक्टरला दोर बांधून. लाल भडक, जमिनीला टेकलेली, वर कापडाचं छप्पर अन् आत दोनच सीटा. गुड्डी तेव्हा माझ्या कडेवर होती. मी सेठजींना विचारलं, "लेकरं कुठी बसवता जी?"

"भाभीजी, ये गाडी बच्चों के लिए नहीं होती."

मी आत डोकावली. मीटरवर आकडा एवढासा, जशी गाडी कालच शोरूममधून निघाली. पण ब्रेकच्या पायड्याचं रबर घासून खालचं लोखंड दिसत होतं, अन् ड्रायव्हरची सीट जुन्या गादीसारखी मधात दबली होती. सातवीच शिकली मी, पण एवढं तर दिसते ना!

"सेठजी, मीटर तं लय कमी दाखवून राहिलं."

सेठजी हसले. "मीटर नया है भाभी, गाडी पुरानी है!"

मग मी बोनेटवर टिचकी मारली. कुलरच्या टबासारखी वाजली. सगळी बॉडी फायबरची! समोरून साधा बकरा धडकला तर बकरा उठून जाईल, गाडी नाही. सेठजी गेल्यावर मी यांचा हात धरून गुड्डीच्या डोक्यावर ठेवला. "शपथ घ्या. पोरीले या गाडीत कधी बसवणार नाही."

"चालत्या गाडीत का उभ्या गाडीत?"

"दोन्हीत!"

"शपथ," हे म्हणाले.

एवढ्या लवकर म्हणाले की माझा संशय तिथूनच सुरू झाला. हा माणूस मीठ हवं का विचारलं तरी दोन मिनिटं विचार करतो.

*

गाडीला सहा महिने झाले असतील. शेजारची म्हैस उन्हात फिरत आली अन् गाडीच्या कोपऱ्याला पाठ घासायला लागली. तडकन आवाज! समोरचा कोपरा फुटला. म्हैस दचकली नाही, आम्हीच दचकलो.

यांनी गोंदियाहून डेंटरला बोलावलं. तो गाडीभोवती फिरला, "काहीच नाही, ठोकून सरळ करतो" म्हणाला अन् हातोडी मारली. हातोडी आत गेली. बाहेर आली नाही.

शेवटी दुर्योधनला बोलावलं. दुर्योधन म्हणजे यांचा बालपणचा दोस्त, फायबरचे कुलरचे टब अन् संडास-बाथरूमचे दरवाजे बनवतो. त्यानं दिवसभर बसून कोपरा नवा केला. काम चोख होतं. पण लाल रंग संपला होता, म्हणून त्यानं जवळ होता तो मारला, दरवाज्याचा, चॉकलेटी.

सेठजी आले, पाहतच राहिले. "अरे, ये क्या किया?"

दुर्योधन छाती काढून म्हणाला, "वॉटरप्रूफ आहे सेठजी! साबणाचं पाणी लागू द्या, फिनाइल लागू द्या, काहीच होणार नाही!"

मग रंग बदलला, ती गोष्ट वेगळी. पण त्यानंतर आमच्या घरच्या कुलरला फुटक्या जागी एक लाल ठिगळ आलं. एकदम भडक लाल. दुर्योधननं लावलं का यांनी लावलं, कोणीच सांगत नाही.

*

त्या गाडीचं एक होतं. दुरुस्ती झाली की ट्रायल! ब्रेक केला, ट्रायल. प्लग बदलला, ट्रायल. काच पुसली तरी ट्रायल! हे तिरोड्याच्या रस्त्याला निघायचे ते चहा थंड होऊन परत गरम होऊन परत थंड होईपर्यंत यायचे नाहीत.

एकदा ट्रायलहून आले अन् दुसऱ्या दिवशी मी गाडी झाडायला घेतली. सीटखाली गुलाबाच्या पाकळ्या! त्यात पिवळे तांदूळ. मी तिथंच बसली. म्हटलं, हा माणूस दुसरी करून आला का काय!

तेवढ्यात सेठजी गाडी न्यायला आले. खूश होते. म्हणाले, "भाभी, कल तिरोडा में एक शादी में गया था. दूल्हा बिलकुल ऐसी ही लाल गाडी में आया! नंबर प्लेट पर दूल्हा-दुल्हन का नाम चिपका था. क्या चल रही थी, मक्खन! अपने मिस्त्री को बोलो, मेरी वाली को भी वैसी बना दे."

मी मुठीत पाकळ्या धरून यांच्याकडे पाहिलं. हे गाडीखाली गेले.

गाडीखाली काहीच काम नव्हतं. सेठजी जाईपर्यंत बाहेर आले नाहीत. शेवटी सेठजींनीच वाकून सांगितलं, "अरे भाई, निकलो, गाडी ले जानी है!"

*

गाडीचं कापडी छप्पर फाटलं तेव्हा ते शिवायचं काम माझ्याकडे आलं. धान झाकायची ताडपत्री कापून मी आतून जोड लावला. मशीनमध्ये जाईना, तर मोठ्या सुईनं हातानं शिवलं. बाजूच्या सीटवर बसूनच शिवत होती. सुई हातातून निसटून सीटच्या फटीत गेली. काढायला हात घातला तर सुई नाही, गुड्डीचं वेणीचं रबर निघालं. पिवळं, वर प्लास्टिकचं फूल.

मी यांच्यासमोर धरलं. "हे काय?"

"रबर."

"मले दिसते रबर आहे. इथी कसं आलं?"

"वाऱ्यानं उडून आलं असन."

"वारा सीटच्या फटीत शिरला?"

माझी सासू दारात बसून तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "उंदीर नेतात वं. लय वाईट असतात उंदीर."

सासू एरवी यांची बाजू घेत नाही. यांनी भाजीला नाव ठेवलं तर माझ्याआधी तीच लाटणं उचलते. म्हणून मला उंदराचा नाही, सासूचाच संशय आला. पण म्हाताऱ्या माणसाला कसं विचारायचं?

*

गुड्डी केजीत जायला लागली. एक दिवस मॅडमनं मला थांबवलं. चेहरा गंभीर. म्हटलं, पोरीनं कोणाला चावलं का काय!

मॅडम म्हणाल्या, "आज वर्गात आवाज शिकवत होते. गाय कशी ओरडते? हम्मा. मांजर? म्याँव. मग विचारलं, गाडी कशी आवाज करते? सगळी मुलं म्हणाली, पों पों. तुमची गुड्डी उभी राहिली..."

"काय म्हणाली?"

"आधी घर्रर्र घर्रर्र केलं. मग थांबली. परत घर्रर्र केलं. मग बेंचवर हात आपटून म्हणाली, उतर गा दुर्योधन, धक्का मार!"

घरी येऊन मी यांना विचारलं. "पोरीले हे कसं माहीत?"

"गॅरेजवाल्याची पोरगी आहे. अंगणातून ऐकते."

बोलणं पटण्यासारखं होतं. म्हणूनच मला पटलं नाही.

*

मग मी एक युक्ती केली. हे ट्रायलला निघायच्या आधी हात धुवायला गेले, तेवढ्यात मी बाजूच्या सीटवर तांदळाचं बारीक पीठ भुरभुरलं. सीट मळकट पांढरी, दिसायचं नाही. म्हटलं, आता कोण बसते ते कपड्यावर निघेल. गुड्डीला मी सकाळीच गडद निळा फ्रॉक घातला होता, मुद्दाम!

सासू गुड्डीला घेऊन "जरा विहाराकडे जाऊन येतो" म्हणून आधीच निघाली होती. हे ट्रायलला गेले. मी घरात एकटी, अन् उगीच भांडे घासत बसली.

गाडी परत आली. मी धावत गेली. सीट चकाचक! जो माणूस जेवल्यावर आपलं ताट उचलून ठेवत नाही, त्यानं सीट पुसली होती. एवढी स्वच्छ ती शोरूममध्येही नसेल.

थोड्या वेळानं सासू आली. गुड्डी तिचं बोट धरून. मी गुड्डीला उलटी केली, सुलटी केली, फ्रॉक झटकला. निळाच्या निळा! कुठं कणभर पीठ नाही. मला एकदम हलकं वाटलं. उगीच संशय घेतला, देव माणूस आहे बिचारा.

तेवढ्यात सासू पाणी प्यायला माठाकडे वळली. तिच्या लुगड्यावर मागून पांढरं पीठ!

"माय!"

सासू वळली, मागे हात फिरवला, हाताकडे पाहिलं, अन् अजिबात लाजली नाही. "गुडघे दुखतात वं माझे. एसटीत चढवत नाही, ऑटोत चढवत नाही. ही एक गाडी आहे, त्याच्यात चढाच लागत नाही. पडलं की बसलं!"

"अन् गुड्डी?"

"तिले कायले बसवू? दोनच तं सीटा आहेत!"

हिशेब बरोबर होता. दोन सीटा, एकीवर माझा नवरा, एकीवर माझी सासू. तिसरी जागाच नाही. मी दोन-तीन रात्री शांत झोपली.

*

आता शेवटचा. घाबरू नका, पोरगी ठणठणीत आहे, अन् तिनं गिळलेला लोखंडी छर्रा दुसऱ्या दिवशी जिथून यायचा तिथून आपोआप आला.

गुड्डी साडेपाच वर्षांची होती. दुपारची वेळ. हे बेअरिंग खोलून छर्रे ताटलीत ठेवून जेवायला बसले. मी भात वाढत होती. गुड्डी दारात येऊन म्हणाली, "आई, मी गोळी खाल्ली. कडू लागली."

मी ताटली पाहिली अन् हातातला भात खाली पडला. मी तिला उलटी धरली, पाठीवर मारलं, तोंडात बोट घातलं. काहीच निघेना. पोरगी रडायला लागली, तिच्यापेक्षा मोठ्यानं मी.

"दवाखान्यात न्या! चला लवकर!"

हे उठले अन् जागेवरच उभे राहिले. यांच्या मोटरसायकलचं इंजिन अंगणात फडक्यावर खोलून पडलं होतं. भर उन्हात रस्त्यावर एकही ऑटो नव्हता. शेडखाली चाकावर उभी अशी एकच वस्तू होती. लाल.

हे माझ्याकडे पाहून राहिले. मी यांच्याकडे.

"शपथ..." हे हळूच म्हणाले.

"गेली शपथ खड्ड्यात! काढा ती गाडी!"

मी गुड्डीला मांडीवर घेऊन बसली. खरंच, चढावं लागत नाही, पडलं की बसलं. दरवाजा ओढला. लागेना. परत ओढला, आपटला. परत उघडला! हे पलीकडून चावी फिरवत होते, घर्रर्र घर्रर्र, अन् माझ्या हातातून दरवाज्याची मूठ सुटत होती. मला वाटलं, आता उघड्या दारातून पोरगी रस्त्यावर पडते.

गुड्डीचं रडणं थांबलं. तिनं फ्रॉकनं नाक पुसलं.

"असं नाही आई. थोडा वर उचल, मंग ओढ."

मी उचलला, ओढला. कट्! लागला.

मग तिनं माझा हात धरला अन् समोर कागदं ठेवायच्या डब्याखाली एक पट्टी होती, बाहेरून कोणाला दिसणार नाही अशी, तिच्यावर नेऊन ठेवला.

"अन् इथी घट्ट धरजो. आजी इथीच धरते."

गाडी एका झटक्यात सुरू झाली. मी यांच्याकडे मान फिरवली. हे लक्ष देऊन मागचं पाहायच्या आरशात पाहून राहिले होते. तो आरसा दोन पावसाळ्यांपूर्वीच निघून पडला होता. तिथं फक्त डिंकाचा डाग होता.