फाकलेल्या पायांच्या आठ खुर्च्या

आमची आत्या कुणाच्या घरी गेली की पाण्याच्या तांब्याला हात लावायच्या आधी खुर्ची उलटी करून बघायची. अगदी सोयरिकीच्या बोलणीलासुद्धा! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ती मात्र खालची बाजू नखानं खरवडून म्हणायची, "वरून कितीबी ऑइलपेंट फासा, खालून कुणी रंग देत न्हाई. लाकूड बघायचं तर खालून बघावं."

हे वेड फक्त आठ खुर्च्यांसाठी होतं. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, येलदरीच्या धरणावर सुतार होते. तिथल्या एका इंजिनिअरनं त्यांना परदेशी मासिकातलं चित्र दाखवलं. बारीक होत गेलेले, बाहेर झुकलेले पाय, वेताची बैठक. मामांनी तशाच आठ खुर्च्या सागवानात घडवल्या आणि प्रत्येकीच्या खाली खिळ्यानं तीन ठिपके ठोकले. तेवढ्यात त्या इंजिनिअरची बदली झाली. नव्या साहेबानं चार माणसांदेखत बुटानं एक खुर्ची ढकलली आणि म्हणाला, "हिचे पाय फाकलेत. माणूस बसला की खुर्चीच बसेल." खुर्च्या कोठीत पडल्या आणि पुढं लिलावात गेल्या. मामांनी त्यानंतर दारं केली, खिडक्या केल्या, पण खुर्ची म्हणून केली नाही. हे शल्य घेऊनच ते गेले. आत्याला ते साहेबाचं बोलणं खोटं करून दाखवायचं होतं, बस्स.

ती एसटीनं गावोगाव हिंडायची. गंगाखेडात एक खुर्ची केस कापायच्या दुकानात सापडली. त्या भल्या माणसानं फाकलेले पाय सरळ व्हावेत म्हणून चारी पाय काथ्यानं करकचून बांधून ठेवले होते, तेही दोन वर्षं! "तुमच्या म्हशीची शिंगं वाकडी हायत, ती बी बांधता का?" आत्यानं विचारलं. बदल्यात तिनं त्याची बाज विणून दिली आणि खुर्ची डोक्यावर घेऊन स्टँड गाठलं. घरी आणली की फुटक्या काचेनं रंग खरवडायचा, पॉलिशपेपर मारायचा, वेत भिजवून बैठक विणायची आणि स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेचा हात फिरवायचा. मामांचं बघून बघून शिकली होती. अशा सात खुर्च्या तिनं उभ्या केल्या. आठवी काही मिळेना.

मी तेव्हा पालमला शिक्षिका होते. घरमालकीणबाईंकडं महालक्ष्म्या बसायच्या, म्हणून आत्याला प्रसादाला बोलावलं. नमस्काराला वाकलेली आत्या उठेचना. थोरल्या लक्ष्मीच्या निऱ्यांखालून खुर्चीचा एक झुकलेला निळा पाय बाहेर डोकावत होता. धाकटी लक्ष्मी खोक्यावर उभी, आणि उंची जुळावी म्हणून खाली विटा. मी मनात म्हटलं, आता ही बया लक्ष्मीच उचलते की काय! पण विसर्जनाआधी देवी हलवायची नसते, हे तिलाही कळत होतं. त्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद पुकारलेला, एसट्या डेपोतच. आत्या मुक्कामाला राहिली. जेवणावर तिचं लक्ष नव्हतं. ठिपके असतील का, हेच ती मला सारखं विचारत होती.

विसर्जन झालं, मुखवटे डब्यात गेले. मालकीणबाईंच्या परवानगीनं आत्यानं खुर्ची उलटी केली. तीन ठिपके. मग तिनं सगळी हकिकत सांगितली, साहेबाच्या बुटासकट.

मालकीणबाई ऐकून हसल्याच. म्हणाल्या, "बारा वर्सं झाली. लक्ष्मीच्या पोटात पाच पायल्या गहू भरतो आमी. तीन-तीन दिवस उभी राहती हिच्यावर. कधी करकरली बी न्हाई."

आत्या उलट्या खुर्चीचा पाय धरून, कुणी समोर असल्यासारखी म्हणाली, "आवो, ऐकलं का?" मामांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. आम्ही दोघी पदर डोळ्यांना लावून उभ्या.

देवीची खुर्ची द्यायची कशी, म्हणून मालकीणबाई घुटमळू लागल्या. आत्या म्हणाली, "मला नको, बाई. धाकटीला इटांवर उभं केलंय, ते बरं दिसत न्हाई. तिला बी एक देते मी." इतकी वर्षं आठांचा आकडा धरून बसलेली बाई! दोनच दिवसांत तिनं त्या निळ्या खुर्चीचं सागवान उघडं केलं आणि पुढच्या भादव्यात सातांतली एक स्वतः आणून दिली. दोन्ही लक्ष्म्या सारख्या उंचीच्या दिसल्या तेव्हा आत्या वरमाईसारखी मिरवत होती. हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला ती खाली वाकायला लावून पाय दाखवत होती.

आत्या गेली. उरलेल्या सहा खुर्च्या माझ्याकडं आहेत. नातू मागच्या दोन पायांवर झोके घ्यायला लागला की सून ओरडते, मोडेल ना!

मी म्हणते, घेऊ दे. पाच पायल्या गव्हानं नाही मोडली.